रिकिबीला धक्का न लावता

कानाच्या शस्त्रक्रियेत ऐकू येण्याचं श्रेय लेसरला देण्याची रीत पडली आहे. इतिहास तसं सांगत नाही. ओटोस्क्लेरोसिस या विकारात मध्यकर्णातली रिकीब, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर उंचीचं, शरीरातलं सर्वांत लहान हाड, अंतर्कर्णाच्या खिडकीत जखडून बसते आणि आवाजाची कंपनं आत पोहोचत नाहीत. ती मोकळी करण्याचा प्रयत्न योहान्नेस केसेल यांनी १८७०च्या दशकातच केला होता. पण तेव्हा ना शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक होता, ना प्रतिजैविकं. शतक संपता संपता पॉलिट्झर यांच्यासारख्या अधिकारी कर्णतज्ज्ञांनी अशा शस्त्रक्रियांना विरोध केला आणि पुढे कित्येक दशकं रिकिबीच्या वाटेला सहसा कुणी गेलं नाही. ज्युलियस लेम्पर्ट यांनी १९३८ मध्ये मांडलेली पद्धतही तिला वळसा घालून अर्धवर्तुळाकार नलिकेत नवी खिडकी पाडणारी होती. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सॅम्युअल रोझेन रिकीब हलते का हे तपासत असताना ती अचानक सुटली आणि रुग्णाला तिथेच ऐकू येऊ लागलं. १९५६ मध्ये मेम्फिसच्या जॉन शे यांनी रिकीबच काढून टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. खरी कलाटणी ही, आणि तिच्यात लेसर कुठेच नव्हता.

मग १९७०च्या दशकाच्या अखेरीस रॉडनी पर्किन्स यांनी आर्गॉन लेसर वापरून काय साधलं? कृत्रिम रिकीब बसवण्यासाठी मूळ रिकिबीच्या तळपट्टीला, म्हणजे खिडकीत बसलेल्या भागाला, भोक पाडताना हत्याराचा जोर अंतर्कर्णावर येतो. पट्टी तरंगू लागली किंवा आत घसरली तर उरलीसुरली श्रवणशक्तीही जाऊ शकते. लेसर पट्टीला न दाबता हाड जाळतो. आक्षेप आले, आणि ते रास्त होते. आर्गॉनचा प्रकाश स्वच्छ द्रवातून आरपार जातो, मग आतल्या नाजूक पेशींचं काय? म्हणून काहींनी पाण्यात लगेच शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर निवडला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नसल्याने नेम धरायला दुसरा, दिसणारा किरण जोडावा लागला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुशल हातातलं बारीक ड्रिलही तेवढंच ऐकू आणून देतं, मग एवढा खर्च कशाला? पहिल्या शस्त्रक्रियेपुरतं हे मान्य करायला हवं. पण जुनी कृत्रिम रिकीब सरकून व्रणाच्या ऊतींत अडकली की ती ओढून काढताना अंतर्कर्णाचा पडदा फाटण्याची भीती असते. लेसर त्या ऊती न ओढता त्यांची वाफ करतो. निदान अशा फेरशस्त्रक्रियांसाठी तरी मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत लेसर असायलाच हवा.