लेक डॉक्टर झाली, पण गावाला मिळाली का?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत गुणवंतांचे फलक झळकतात. त्यांत आता मुलींचे चेहरेही भरपूर असतात. पण तालुक्याच्या टोकाच्या गावात एखाद्या बाईचे दिवस भरले की घरचे लोक आधी गाडी शोधतात. जवळच्या दवाखान्यात डॉक्टर भेटेल याची खात्री नसते. असे का झाले, हे समजून घ्यायला आज आपण थोडे मागे जाऊ.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. डॉक्टर व्हायचे तर हैदराबादला जायचे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकीसुद्धा उर्दूतून शिकवली जाई. आपल्यातल्या किती मुलींना ते जमणार होते? गावात वैदू, वैद्य आणि सुईण हेच आधार होते.

त्याच सुमारास, १९४६ मध्ये, देशासाठी भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात सुमारे ४७ हजार डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ ३० हजार कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले 'लायसेन्शिएट' होते. समितीने तो अभ्यासक्रम बंद करून सर्वांसाठी एकच पदवी सुचवली. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही याच अहवालातली. हेतू चांगला होता. पण दवाखान्याची इमारत गावात आली आणि डॉक्टर घडवणारे कॉलेज मात्र लांबच्या शहरात राहिले.

मराठवाड्यात पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला निघाले. पुढे १९७४ मध्ये वेगळाच प्रयोग झाला. अंबाजोगाईसारख्या लहान गावात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आशियातले अशा प्रकारचे पहिले म्हणून ते ओळखले जाते. ज्या मातीत काम करायचे तिथेच शिकायचे, हा त्यामागचा विचार. नांदेडला १९८८ मध्ये शासकीय महाविद्यालय आले. लातूरला मात्र २००२ उजाडावे लागले. मधल्या काळात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीची धरणी हादरली आणि जखमींना सोलापूरपर्यंत न्यावे लागले. मोठे रुग्णालय जवळ असणे म्हणजे काय, हे तेव्हा आपल्याला कळले.

स्वतःहून येऊन थांबलेले डॉक्टरही आपण पाहिलेत. पुण्यात शिकलेले डॉ. अशोक कुकडे यांनी सहकाऱ्यांसह १९६६ मध्ये लातूरला विवेकानंद रुग्णालय उभे केले आणि ते इथलेच झाले. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पण साऱ्या जिल्ह्याचे आरोग्य एखाद्या भल्या माणसाच्या त्यागावर सोडता येत नाही.

मग सरकारने नियम केले. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले की एक वर्ष बंधपत्राची सेवा. वर्ष सरले की बहुतेकांची नजर पदव्युत्तर परीक्षेकडे. पूर्वी वैद्यकीय प्रवेशात ७०:३० चे सूत्र होते. विभागातल्या ७० टक्के जागा विभागातल्याच मुलांना. मराठवाड्यात कॉलेजेच कमी, त्यामुळे आपली मुले चांगले गुण असूनही मागे राहत. २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. आपल्या मुलांना मुंबई-पुण्याची दारे उघडली, हे न्यायाचेच झाले. पण तिकडे गेलेली लेक परत येईल का, हा प्रश्न उरलाच.

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यांत १२ नवजात बाळे होती. त्या आयांचा विचार केला की आजही पोटात कालवते. खालच्या दवाखान्यांत वेळेवर उपचार मिळाले नाहीत की सारा भार जिल्ह्याच्या एकाच रुग्णालयावर येतो, आणि पेशंट तिथे पोचतो तोवर उशीर झालेला असतो.

डॉक्टर कशाने टिकतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये जगभरचा अनुभव तपासून काही गोष्टी सांगितल्या: खेड्यातली मुले निवडा, मोठ्या शहराबाहेर शिकवा, शिकतानाच गावात काम करू द्या, आणि राहायला नीट घर व बरोबर सहकारी द्या. यातले पहिले आपल्याकडे आहेच; मुली हुशार आहेत. कमी आहे ते शेवटचे. गळक्या क्वार्टरमध्ये, रात्रीच्या ड्यूटीवर एकटी, जवळ मुलांची शाळा नाही. अशा जागी कोणाची लेक किती दिवस राहील?

म्हणून मैत्रिणींनो, काही कामे आपल्या हातातली आहेत. पुढच्या ग्रामसभेत विचारूया: आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांची पदे किती, भरलेली किती? क्वार्टरला पाणी, वीज, दार-कडी आहे का? नवी डॉक्टरीण आली तर तिला पहिल्या दिवशी आपल्यातली कोणीतरी भेटायला जाईल का? सुनेला घरात रुळायला आपण वेळ देतो, तिची विचारपूस करतो. गावात आलेल्या डॉक्टरसाठीही तेवढे करूया.