पंचवीस सुयांचा करार

दोन यंत्रांनीं परस्परांशीं बोलावयाचें, तर कोणत्या तारेनें काय सांगावयाचें हें आधीं ठरलें पाहिजे. अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक उद्योगसंघानें १९६० सालीं ‘आरएस-२३२’ या नांवानें असाच एक करार प्रसिद्ध केला. दूरमुद्रकासारखीं यंत्रें मोडेमला जोडावीं, एवढाच त्याचा मूळ हेतु. ऋण विद्युद्दाब म्हणजे एक, धन म्हणजे शून्य, अशी त्याची सोपी भाषा. पुढें संगणकांनींहि ती उचलली. २५ सुयांचा जोड ही तिची ओळख झाली. १९८४ च्या आयबीएम ‘एटी’ संगणकानें तो ९ सुयांवर आणला. १९९६ सालीं वेगवान ‘यूएसबी’ आली, आणि घरगुती संगणकांवरून हा जोड हळूहळू नाहींसा झाला.

तथापि प्रयोगशाळांतील व कारखान्यांतील कित्येक धडधाकट यंत्रांना आजहि तीच भाषा येते. जोड मिळाला नाहीं, तर तीं मुकीं होतात. परंतु करार उघड छापलेला असल्यामुळें दुभाष्याचें काम करणारी तार कोणासहि बनवितां येते. ज्या यंत्रांच्या सुयांचा अर्थ गुप्त राहिला, त्यांच्या बाबतींत ही सोय नाहीं. म्हणून जुनें यंत्र जपतांना त्याची तार आणि सुयांचा तक्ता हींहि जपून ठेवावीं.