लाल फ्रॉकमधली मुलगी आणि तिचा चित्रकार

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक एक्सेल शीट फिरत होती. कोणाला काय येतं, याची. माझ्या नावापुढे कोणीतरी आधीच एक शब्द टाकून ठेवला होता: 'टेस्टिंग'. सहा वर्षांपूर्वी मी टेस्टिंगमध्ये लागलो हे खरं आहे. पण नंतर दोन वर्षं डेटाबेस सांभाळला, आणि गेली दोन वर्षं सरळसरळ कोड लिहितोय. शीटला त्याचा पत्ताच नाही. मी काही बोललो नाही, मुकाट चहा प्यायला गेलो. पण तेव्हापासून डोक्यात एक माणूस येऊन बसलाय, तो शनिवार उजाडला तरी हलेना. म्हणून आज त्याच्याबद्दल.

त्याचं नाव ॲमी फिलिप्स. (नाव बाईचं वाटतं, पण बाप्या आहे.) जन्म १७८८, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या कोलब्रुक गावचा. मृत्यू १८६५. धंदा : लोकांची चित्रं काढणे. शिक्षण : आपलं आपण.

आमची ओळख न्यूयॉर्कमध्ये झाली. ऑनसाइट होतो, रविवार होता, बाहेर कडाक्याची थंडी. अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये शिरलो, कारण तिथे तिकीट नव्हतं. (खोटं कशाला बोलू?) आत एका चित्रासमोर पाय थबकले. चार-पाच वर्षांची मुलगी. अंगात लालभडक फ्रॉक, गळ्यात पोवळ्यांची माळ, मांडीवर पांढरी मांजर, पायाशी कुत्रा. मागची भिंत गडद, तिच्यावर काहीच नाही. फ्रॉकला सुरकुत्या जेमतेम, सावल्या नावापुरत्या. म्हटलं तर पत्त्याच्या पानावरच्या राणीसारखी सपाट. पण ती मुलगी अशी काही बघते, की आपणच मान खाली घालावी. चित्र १८३० ते १८३५ च्या दरम्यानचं. मुलगी कोण, हे कोणालाच माहीत नाही. आणि हे चित्र काढणारा कोण, हेही सव्वाशे वर्षं जगाला माहीत नव्हतं. गोष्ट खरी तिथेच आहे.

थोडं मागे जाऊ. कॅमेरा यायच्या आधीचा काळ. आपला चेहरा मागे राहावा असं कोणाला वाटलं, तर एकच उपाय, चित्रकाराला बोलवा. शहरातल्या श्रीमंतांना लंडन-पॅरिस करून आलेले चित्रकार परवडायचे. गावाकडचा शेतकरी, दुकानदार, डॉक्टर, पाद्री यांच्यासाठी होते फिरते चित्रकार. त्यांना लिम्नर म्हणत. फिलिप्स त्यातलाच. १८०९ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षी, त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या वर्तमानपत्रात आपली जाहिरात दिली. कुठल्या गुरूकडे शिकल्याची नोंद नाही, हातात सर्टिफिकेट नाही, आणि थेट जाहिरात! आपण कॅम्पसला ॲप्टिट्यूड टेस्टची रंगीत तालीम करत होतो ते आठवलं.

पुढची पन्नासेक वर्षं तो हेच करत राहिला. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही तीन राज्यं जिथे एकमेकांना टेकतात, तो त्याचा मुलूख. आज उठून इथे, उद्या तिथे असंही नव्हतं. एका भागात बायकामुलांसकट बिऱ्हाड करायचं, आसपासची कामं करायची, आणि कामं आटली की पुढचा भाग. एकाचं चित्र आवडलं की त्याचा मेव्हणा बोलवायचा, मग मेव्हण्याचा शेजारी. शुद्ध ओळखीवर चालणारा धंदा. आज त्याची म्हणून ओळखली जाणारी चित्रं आठशेच्या घरात जातात.

अशा चित्रकारांबद्दल एक दंतकथा सांगतात. म्हणे, हे लोक हिवाळ्यात नुसती धडं रंगवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात दारोदार हिंडून वर गिऱ्हाइकाचं डोकं बसवायचे. ऐकायला मजेशीर आहे, पण याला पुरावा मिळालेला नाही. एवढं मात्र खरं, की फिलिप्सचे साचे ठरलेले होते. तशाच लाल फ्रॉकमधली, तशीच बसलेली, पायाशी कुत्रा असलेली मुलं त्याच्या आणखीही चित्रांत आहेत. फ्रॉक, बैठक, कुत्रा हे सगळं पुन्हा वापरायचं, आणि वेळ द्यायचा तो चेहऱ्याला. चांगला प्रोग्रामर याहून वेगळं काय करतो?

आता मुद्द्याची गोष्ट. हा माणूस एका जागी थांबला नाही. सुरुवातीची त्याची चित्रं फिकट आणि मोत्यासारख्या रंगांची आहेत. माणसं उभी, लांबलचक, जराशी तरंगणारी. हार्वर्डच्या फॉग म्युझियममध्ये हॅरिएट लेव्हन्स नावाच्या मुलीचं १८१५ च्या सुमाराचं चित्र आहे, ते याच काळातलं. १८२० च्या आसपास मात्र हात बदलतो. रंग गडद होतात, चेहऱ्यांना हाडं-मांस येतं. ऑल्बनी शहरात एझ्रा एम्स नावाचा नामांकित पोर्ट्रेट चित्रकार होता, त्याची छाप या चित्रांवर दिसते. म्हणजे गडी बघून बघून शिकत होता. आणि मग १८३० च्या आसपास पुन्हा पलटी! जमलेलं तपशीलवार काम बाजूला ठेवून त्याने सगळं सोपं केलं. सपाट गडद पार्श्वभूमी, ठळक आकार, लांब मानेच्या आणि किंचित पुढे झुकलेल्या बायका. लाल फ्रॉकमधली मुलगी याच काळातली. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस होता. ती मुलगी सपाट आहे ती त्याला सावल्या येत नव्हत्या म्हणून नाही. येत होत्या. त्याने त्या काढून टाकल्या.

त्याच्या हयातीत एका मोठ्या माणसाने त्याची दखल घेतली होती. जॉन व्हँडरलिन. पॅरिसमध्ये शिकलेला, १८०८ मध्ये तिथल्या प्रदर्शनात नेपोलियनकडून सुवर्णपदक मिळवलेला. मायदेशी येऊन त्याने व्हर्सायच्या राजवाड्याचं अवाढव्य गोलाकार दृश्य रंगवलं. (ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.) पण लोक तिकीट काढून बघायला येईनात, आणि तो पार बुडाला. १८२५ मध्ये त्याने आपल्या पुतण्याला पत्र लिहिलं. मतलब असा, की मला आयुष्य पुन्हा सुरू करता आलं, तर मी स्वस्त आणि झटपट पोर्ट्रेट काढेन. त्या फिलिप्ससारखं मुलुखात हिंडत राहणं सुखाचं असलं पाहिजे. पत्रात थोडी तुच्छता आहे, थोडा हेवा. पदकवाल्याला बिनपदकवाल्याचा हेवा!

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये फोटोग्राफीची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी ती अमेरिकेत पोचली. बघता बघता गावोगाव स्टुडिओ निघाले, लिम्नरांचा बाजार उठला. फिलिप्स तरीही १८६० नंतरपर्यंत काम करत राहिला. मग गेला, आणि विसरला गेला. कारण साधं आहे. तो चित्रांवर सही करायचा नाही. सही असलेली चित्रं अगदी मोजकी.

१९२४ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या केंट गावच्या जत्रेत लोकांनी आपल्या पूर्वजांची जुनी चित्रं मांडली. त्या झुकलेल्या बायका बघून जाणकारांना कळलं, की हा सगळा एकाच हाताचा मामला आहे. नाव माहीत नाही, म्हणून त्याला नाव दिलं 'केंट लिम्नर'. तिकडे ती फिकट, मोतिया रंगांची चित्रंही एकाच कोणाची तरी आहेत हे ध्यानात आलं होतं. ती राज्यांच्या सीमेवर सापडली, म्हणून तो झाला 'बॉर्डर लिम्नर'. दोन अनामिक चित्रकार, दोन फायली. हे दोघं एकच असतील असं वाटायला काही कारणच नव्हतं. गावाकडचा, न शिकलेला चित्रकार म्हटलं की त्याला एकच तऱ्हा येणार, आणि ती तो मरेपर्यंत गिरवणार, हे जणू ठरलेलंच होतं!

ही गाठ सोडवली बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या जोडप्याने. बार्बराचं आधीचं कर्तृत्वही भारी आहे. १९५२ मध्ये तिने मेरिअन मँटेल या मैत्रिणीबरोबर कॅडमॉन रेकॉर्ड्स काढली आणि कवी डिलन थॉमसचा आवाज रेकॉर्ड केला. आज आपण बसमध्ये ऑडिओबुक ऐकतो, त्या धंद्याची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. तर १९५० च्या दशकाच्या शेवटी होल्ड्रिजनी एक जुनं पोर्ट्रेट विकत घेतलं. त्यावर फिलिप्सचं नाव होतं. हा कोण, म्हणून ते मागावर निघाले. जनगणनेच्या नोंदी, घराण्यांच्या वंशावळी, गावोगावची चित्रं. जिथे जिथे फिलिप्सचं बिऱ्हाड, तिथे तिथे त्या वर्षांची चित्रं. हळूहळू दोन्ही फायली एकाच पत्त्यावर येऊन थांबल्या. मेरी ब्लॅक या क्युरेटरची साथ मिळाली, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये ॲमी फिलिप्सच्या नावाने प्रदर्शन भरलं. बॉर्डर लिम्नर आणि केंट लिम्नर संपले. उरला एक माणूस.

पुढे १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने चार शतकांतल्या अमेरिकन चित्रांची वीस तिकिटं काढली, त्यात लाल फ्रॉकमधली मुलगी होती. २००८ मध्ये फोक आर्ट म्युझियमने फिलिप्सची चित्रं आणि मार्क रॉथको या विसाव्या शतकातल्या अमूर्त चित्रकाराची चित्रं एकाच प्रदर्शनात शेजारी शेजारी लावली. एकाचा लाल रंग फ्रॉकचा, दुसऱ्याचा नुसताच लाल. तरी शोभले म्हणतात.

मला स्वतःला मात्र त्या दोन फायलींचंच जास्त वाटतं. तज्ज्ञ मूर्ख नव्हते, त्यांना चित्रंही नीट दिसत होती. दिसत नव्हता तो शिकत जाणारा माणूस. एखाद्यावर एकदा चिठ्ठी डकवली, की तो बदलला तरी आपण चिठ्ठी बदलत नाही; फार तर दुसरा माणूस कल्पून घेतो.

आणि थोडी चूक फिलिप्सचीही. सही करायला काय झालं होतं, बाबा? दोन मिनिटांचं काम.

असो. सोमवारी गेल्या गेल्या ती शीट उघडणार आहे. :)