टिपलेले पक्षी

उमरग्याच्या माळावरील पक्ष्यांचा इतिहास शोधू जाता आम्हांस प्रथम निजामी राजवटीकडे वळावे लागते. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाची पक्षिपाहणी सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. तेव्हाची पाहणी बंदुकीवाचून होत नसे. पक्षी टिपायचा, त्याचे कातडे जतन करायचे आणि स्थळ व तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यास बांधायची, अशी रीत होती.

आजचा हौशी छायाचित्रकारही पक्षी 'टिपतो'; क्रियापद तेच राहिले, पक्षी मात्र जिवंत उडून जातो. ही प्रगती निःसंशय मोठी. परंतु बंदुकीबरोबर ती चिठ्ठीही गेली, याची खंत कोणी फारशी करीत नाही. हौशी संग्रहांत दुर्मीळ पाहुण्यांची गर्दी असते. तारेवर रोज बसणारा नीलकंठ तेथे क्वचितच आढळतो.

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. नीलकंठाची संख्या झपाट्याने घटत असल्याचे त्याच राशीतून उमगले. एखाद्या देखण्या चित्राला ते सांगता आले नसते.

म्हणून उमरग्याच्या हौशी मंडळींकडे आमचे मागणे साधे आहे. साळुंकी, बुलबुल, नीलकंठ यांचीही चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाखाली गाव व तारीख लिहावी. उद्याच्या इतिहासकाराला पुरावा म्हणून तीच ओळ लागेल.