शून्यावर थांबणारा काटा

मागच्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो: जाणून घेताना आपण ती वस्तूच बदलतो का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न फार वेळ हवेत तरंगतो. आज त्याला जमिनीवर आणू. विजेचा दाब नेमका मोजायचा कसा, एवढंच बघू.

काट्याचा व्होल्टमीटर घ्या. काटा हलायला प्रवाह लागतो आणि तो येतो मोजायच्या सेलमधूनच. समजा सेल १.५ व्होल्टचा, त्याचा अंतर्गत रोध १०० ओहम आणि मीटरचा १००० ओहम. मीटर दाखवेल सुमारे १.३६. मीटर खोटं बोलत नाही, हं. तो खरंच सांगतो, पण आपण हात लावल्यानंतरचं.

बॅटरीकडून प्रवाह घेतला की दाब ढळतो, याचा फटका खुद्द गेऑर्ग ओहम यांना बसला. कोलोनमधल्या या शिक्षकाने १८२५ साली जो नियम छापला, तो चुकीचा निघाला. नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवलं, की बॅटरीऐवजी तांबं आणि बिस्मथ यांची जोडी वापरा. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दाब स्थिर झाला आणि १८२६ मध्ये खरा नियम हाती आला.

याच पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये मोजण्याची नवी रीत दिली. ती तराजूसारखी आहे. एका बाजूला अज्ञात दाब, समोर आपल्याला कमीजास्त करता येणारा दाब. दोन्ही सारखे झाले की मधल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो. त्या क्षणी सेलमधून प्रवाहच वाहत नाही, म्हणून अंतर्गत रोधात काही हरवत नाही. कॉलेजातला लांब तारेचा पोटेन्शिओमीटर तो हाच. काटा शून्यावर आला की आम्हाला वाटायचं, काही घडलंच नाही. खरं तर तेव्हाच मोजणी झालेली असायची!

पण तराजूला खात्रीचं वजन हवं. ते एडवर्ड वेस्टन यांच्या १८९३ च्या सेलने पुरवलं: २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट. गंमत बघा, या प्रमाण सेलमधून जास्त प्रवाह ओढला तर तोच बिघडतो. त्यालाही शून्याचाच आधार. १९९० पासून ते काम जोसेफसन परिणामाकडे गेलं. आता व्होल्ट वारंवारतेवरून ठरतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर काय? जाणताना वस्तू बदलते, हे खरं. पण म्हणून ज्ञान अशक्य ठरत नाही. आपण किती घेतो आहोत हे ओळखून ते शून्याकडे नेता येतं. ओहम यांनी चूक लपवली नाही, प्रयोग पुन्हा केला. आपणही आधी तेवढं शिकू या.