क्लॉक देणारं टोक

धाराशिवच्या माझ्या घरात टेबलावर दोन जुने राउटर आहेत. त्यांना नावं दिलीत जिल्ह्यातल्याच दोन किल्ल्यांची, नळदुर्ग आणि परांडा. मधली सिरियल केबल जाडजूड, ताठ. तिच्या एका टोकावर डीटीई छापलंय, दुसऱ्यावर डीसीई. पहिल्यांदा जोडली तेव्हा आयपी पत्ते बरोबर होते, पोर्ट चालू केले होते, तरी स्क्रीनवर तेच: सिरियल अप, लाइन प्रोटोकॉल डाउन. क्लॉक रेटची आज्ञा मी नळदुर्गला देत होतो आणि तो ती घेतच नव्हता. रात्री साडेअकराला केबलवरची अक्षरं नीट वाचली. डीसीईचं टोक परांड्यात होतं. तिथे ‘क्लॉक रेट ६४०००’ टाइप केलं आणि थोड्याच वेळात लाइन बोलायला लागली.

त्या एका आज्ञेत मोठं घराणं दडलंय.

सिरियल म्हणजे एका तारेवरून एकामागून एक बिट. ही रीत तारखात्याची. फ्रान्सच्या एमिल बोदोनं १८७० च्या दशकात पाच खुणांचा संकेत बांधला. ‘बॉड’ हे माप त्याच्याच नावावरून आलं. पुढे टेलिप्रिंटर आले. ते प्रत्येक अक्षराच्या आधी आणि नंतर खूण पाठवत, त्यामुळे दोन्ही यंत्रांना एका घड्याळावर चालायची गरज नसे. टेलिप्रिंटर, टर्मिनल ही टोकाची यंत्रं, म्हणजे डीटीई. त्यांना टेलिफोनच्या लाइनशी जोडणारा मोडेम म्हणजे डीसीई. या दोघांमधल्या तारांचा करार अमेरिकेत १९६० साली ठरला, तो आरएस-२३२.

वेग वाढल्यावर दर अक्षराला खूण करणं परवडेना. १९६८ च्या व्ही.३५ या मोडेमच्या शिफारशीत ४८ हजार बिट सेकंदाला न्यायचे होते, आणि त्यासाठी बारा टेलिफोन संभाषणांची जागा एकट्या डेटाला दिली होती. आता ठोका, म्हणजे क्लॉक, वेगळ्या तारांवरून येऊ लागला आणि तो द्यायचा मोडेमनं. गोंधळात संबळ वाजतो आणि बाकीचे त्यावर चालतात, तसंच हे. ठोका लाइनच्या बाजूनंच यायला हवा, कारण एक्स्चेंजमध्ये शेकडो लाइन एकाच लयीत गुंफलेल्या असतात. प्रत्येक ग्राहक आपल्या घड्याळानं चालला तर बिट सांडणारच.

आणि ६४०००? तो माणसाच्या आवाजाचा आकडा आहे. डिजिटल टेलिफोन आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतो आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडतो. गुणाकार करा. असे ३२ कप्पे एकत्र बांधले की २०४८ केबीपीएस, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘दोन एमबीची लाइन’ म्हणतो ती. २००५ साली केंद्रानं राज्यव्यापी नेटवर्कची योजना मंजूर केली, तेव्हा मुख्यालयापासून तालुक्यापर्यंत किमान २ एमबीपीएस ठरले. बँकांच्या शाखा कोअर बँकिंगवर आल्या त्या काळात तर ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइनवर पूर्ण शाखेचा व्यवहार चाले. कोपऱ्यात बीएसएनएलचा मोडेम, त्यातून निघालेली व्ही.३५ ची केबल, तिचं ३४ पिनांचं ठोकळ्यासारखं कनेक्टर दोन स्क्रूंनी आवळलेलं. तिथे राउटरला क्लॉक रेट कधी द्यावा लागला नाही. ठोका एक्स्चेंजकडून येई.

घरच्या लॅबमध्ये एक्स्चेंज कुठून आणणार? म्हणून डीटीई आणि डीसीई केबलींची तोंडं एकमेकांत घालायची युक्ती निघाली, मग दोन्ही गुण असलेली एकसंध केबल आली. मधलं मैलोगणती तांबं आणि दोन मोडेम गाळून एका राउटरला लाइनचं सोंग दिलं. १९९८ पासून नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा देणाऱ्या पोरांनी हे सोंग घरोघरी वठवलं. आज शाखेत फायबर येतो आणि राउटरला साधी इथरनेट केबल लागते. फेब्रुवारी २०२० च्या नव्या परीक्षेतून सिरियल लाइनवरचा पीपीपी प्रोटोकॉलही गेला. तरी शिकणाऱ्यानं एकदा तरी ही केबल हाताळावी असं मला मनापासून वाटतं. कोण ठोका देतो आणि कोण घेतो, हे इथरनेटमध्ये दिसतच नाही.

परांड्याच्या राउटरवर मी चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलंय: एक्स्चेंज.