काठावरचे खेळाडू
हंगामाच्या पहिल्या संघात ज्यांची जागा गृहीत नसते असे खेळाडू. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सराव सामन्यांनंतर २६ जणांचा संघ ठरतो. खरी चुरस शेवटच्या दोन-तीन जागांसाठीच. भारतीय क्रिकेटमध्येही तसेच: मध्य प्रदेशात जबलपूर विभागातल्या बालाघाटच्या क्रिकेटपटूला रणजी संघापर्यंत विभागीय सामन्यांतून चढावे लागते. ही वाट लांबच म्हणावी लागेल. मुंबईकर चंद्रकांत पंडित २०२० मध्ये या राज्यसंघाचे प्रशिक्षक झाले. जून २०२२ मध्ये या संघातले आवेश खान व वेंकटेश अय्यर भारतीय संघात असल्याने रणजीच्या बाद फेरीत इतरांना जागा मिळाली. बंगळूरच्या अंतिम सामन्यात मुंबई मध्य प्रदेशकडून ६ गड्यांनी हरली. विजेत्यांच्या यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार यांनी शतके झळकावली.